सहा वाजता पुढच्या दारानं

आमच्या शेजारचा मोरेश्वर गेली सात वर्षं घरी बसून काम करतो, आणि गेली तीनेक वर्षं रोज संध्याकाळी सहा वाजता कामावरून घरी येतो.

कसं, ते सांगतो. पावणेसहाला तो कॉम्प्युटर बंद करतो. दिवसभराची अर्धी चड्डी आणि बनियन काढून ठेवतो, निळ्या चौकडीचा फुल बाह्यांचा शर्ट पँटमध्ये खोचतो, केस ओले करून भांग पाडतो आणि खांद्याला रेक्झिनची जुनी पिशवी लावतो. पिशवीत रिकामा डबा असतो. मग तो मागच्या दारानं बाहेर पडतो, आमच्या शेवग्याखालून वळसा घालून रस्त्याला लागतो आणि स्टँडवरून चालत आल्यासारखा पुढच्या दारानं आत शिरतो. उंबऱ्यापाशी चपला जरा आपटूनच काढतो आणि म्हणतो, "आलो गं आये."

आमचं गाव रेवसच्या धक्क्यापासून चार किलोमीटरवर. गावाला करमणूक बेताचीच, त्यामुळे या सहाच्या फेरीला चांगला प्रेक्षकवर्ग आहे. नाक्यावरचा दुकानदार तर गिऱ्हाइकाला वजन करता करता सांगतो, "सुटली बगा मोरेशची कंपनी." मी एकदा मोरेश्वरला सरळच विचारलं होतं, की हा काय प्रकार आहे. तो म्हणाला, "नाना, घरून काम करणाऱ्याला कामावर जाता येत नाही. निदान सुटता तरी आलं पाहिजे." मला ते पटलं. मी हायस्कुलात क्लार्क आहे, सुटण्याचं महत्त्व मला सांगायला नको.

आता काम कसलं, तर मोरेश्वर वापरपुस्तिका मराठीत करतो. नवा मिक्सर घेतला की खोक्यातून एक घडी घातलेला कागद निघतो. तो आपण न वाचता लोणच्याच्या बरणीखाली घालतो. तो मोरेश्वरनं लिहिलेला असतो. मिक्सर, इस्त्री, कुकर, पाणी गाळायचं यंत्र, कपडे धुवायचं यंत्र, काय म्हणाल ते. त्याचे वडील मिठागरावर होते, आई हिराकाकीही टोपल्या वाहायची. मोरेश्वर मात्र अलिबागला कॉलेज करून पेणच्या बाजूच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात स्टोअरला लागला. कंपनीची बस सकाळी सातला न्यायची, संध्याकाळी सहाला परत आणून सोडायची. सात वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला सोडलं की त्यानं कंपनीला सोडलं, यावर गावात दोन मतं आहेत. तो स्वतः तिसरंच सांगतो. "आता मी कोणाचा नोकर नाही," तो म्हणतो. "पूर्वी एक साहेब होता. आता नऊ आहेत."

त्याचा एक नियम आहे आणि तो नियम ऐकवल्याशिवाय तो कोणाला चहाही देत नाही. करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही. इंग्रजीत लिहिलंय म्हणून मराठीत लिहिलं, हे त्याला चालत नाही. कुकरची शिट्टी किती मिनिटांनी उडते, इस्त्रीची वायर किती पिळली की तापते, हे तो स्वतः बघणार आणि मगच वाक्य लिहिणार. पैसे मिळतात पानाला इतके या हिशेबानंच, पण ज्या कामाला इतरांना एक दिवस लागतो, त्याला तीन लागतात.

एकदा बाबागाडीची पुस्तिका आली. मोरेश्वरचं लग्न झालेलं नाही. कंपनीनं नमुन्याला गाडी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा पठ्ठ्या गाडीत नऊ किलो तांदळाची पिशवी निजवून गावातून निघाला. बायका दारात आल्या. एकदोघींनी वाकूनही बघितलं. 'उतारावर गाडी सोडताना ब्रेक लावावा' असं एक वाक्य होतं, त्याच्यासाठी तो गाडी रेवसच्या धक्क्यापर्यंत घेऊन गेला, कारण त्याच्या मते आसपास तेवढा बिनचूक उतार दुसरा नाही. ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी थांबली, तांदूळ पुढे गेला आणि लाँचची वाट बघणाऱ्या वीसपंचवीस माणसांच्या देखत खाडीत पडला.

मोरेश्वर समाधानानं परत आला. "पट्टा बांधायचं वाक्य ब्रेकच्या आधी पाहिजे," तो म्हणाला. "त्यांनी चार पानं नंतर दिलंय." त्यानं मराठीत ते वाक्य वर आणलं, ठळक केलं. कंपनीचा फोन आला, की मुळात नाही ते तुम्ही का केलं. तो म्हणाला, मुळात तांदूळही नव्हता.

पुढे ते वाक्य वर राहिलं की खाली गेलं, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. त्याच्या धंद्याची ही एकच गोष्ट त्याला लागते. "काम चुकलं तर दहा मिनिटांत फोन येतो, नाना. बरं झालं तर कोणी कळवत नाही. फोन आला नाही म्हणजे बरं झालं असेल, असं आपलं आपण समजायचं." नऊ साहेबांपैकी एकाचाही चेहरा त्यानं पाहिलेला नव्हता. काम तातडीचं म्हणून यायचं. हा तापात कुडकुडत, गोधडी पांघरून ते वेळेत द्यायचा. पंधरा दिवसांनी निरोप यायचा, की फाइल उघडत नाही. अलीकडे तर कंपन्या भाषांतर यंत्राकडूनच करून घेतात आणि 'फक्त नजर टाका' म्हणून याच्याकडे पाठवतात. 'चाइल्ड लॉक लावा' याचं एका यंत्रानं केलं होतं, 'धुण्यापूर्वी मुलाला कुलूप लावा.' मोरेश्वरनं ते कापून भिंतीला चिकटवलंय.

आळीच्या दृष्टीनं मात्र तो रिकामा. घरी असतो म्हणजे मोकळाच असणार, हे आम्ही सर्वांनी मिळून ठरवून टाकलेलं आहे. अकरा घरांच्या चाव्या त्याच्या खुंटीवर असतात. कुरियरवाला आळीत शिरत नाही, सगळी पार्सलं त्याच्या ओटीवर ठेवून जातो. गॅसचा सिलिंडर त्यानं उतरवून घ्यायचा, मीटर वाचायला आलेल्या माणसाला त्यानं घरं दाखवायची. मीसुद्धा दोनदा त्याला आमचे वाल उन्हात घालायला सांगितले आहेत. त्यानं ते घातले आणि संध्याकाळी मला सांगितलं, "एक, वाल वाळले. दोन, तुमची मांजर त्यावर झोपते. तीन, पुढच्या वेळी जाळी ठेवावी." बोलतोही असाच, क्रमानं. मुलगी सांगून आली तेव्हा मुलीच्या मामानं विचारलं, मुलगा करतो काय. कोणीतरी म्हणालं, घरी असतो. बोलणी तिथंच थांबली. मला वाईट वाटलं होतं. तो म्हणाला, "त्यांचं काही चुकलं नाही. असतो मी घरी."

घरात तो आणि हिराकाकी, दोघंच. काकी ऐंशीच्या पुढची. बाहेर पडणं तिनं सोडलेलं, आणि ती विसरते हे आम्हाला ठाऊक होतं. म्हातारी माणसं विसरतात. मोरेश्वरला विचारलं की तो म्हणायचा, "ठीक चाललंय," आणि विषय बदलायचा. मी फार खोलात शिरलो नाही.

गेल्या माघात एक दिवस तो सकाळीच आमच्याकडे आला. शर्ट घातलेला होता, म्हणजे काम महत्त्वाचं. त्याचा सगळ्यात मोठा साहेब, ज्याच्या कामावर त्याचं निम्मं घर चालतं, तो कपडे धुवायचं नवं यंत्र काढत होता. त्यांनी कळवलं होतं, की वसईजवळच्या कारखान्यात दोन दिवस या, यंत्र बघा आणि मग लिहा. नाही जमलं तर हरकत नाही, भाषांतर यंत्राकडून करून घेऊ. सात वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याला 'करून बघा' म्हणत होतं. आणि तीन वर्षांत तो धक्क्याच्या पलीकडे गेलेला नव्हता.

"गेलो नाही तर हे काम जाईल, आणि मागोमाग बाकीचंही जाईल," तो म्हणाला. "पण आईजवळ कोणीतरी लागेल. सकाळची आंघोळ वहिनी घालतील का? दिवसभर तुम्ही बसाल का? एक रात्र, दोन दिवस."

शाळेत माझ्या रजा पडूनच होत्या. मी हो म्हटलं. म्हातारीजवळ बसायचं, यात काय एवढं. त्यानं खिशातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'आई : दैनंदिन सूचना.' आत नऊ कलमं होती; नवव्याचं पान दुमडून वर 'त्या दिवशी पाचला उघडावे' असं लिहिलेलं होतं.

मला हसू आलं, आणि मी हसलोही. पण वही उघडून वाचायला लागलो तसा गप्प झालो. त्यातलं थोडं इथं देतो.

'चहा फुंकून द्यावा. फार गार केल्यास परत येतो.'

'हात धरण्यापूर्वी विचारावे. न विचारता धरल्यास ती घाबरते.'

'घरी जायचे आहे असे म्हणाल्यास, हेच घर आहे असे सांगू नये. अंगणातून एक फेरी मारून आणावे. आल्यावर घर ओळखते.'

'वडिलांची चौकशी केल्यास मिठागरावर गेलेत असे सांगावे. मिठाविषयी कोणताही प्रश्न विचारावा. पुढील वीस मिनिटे बरी जातात.'

'रडू लागल्यास थांबवू नये. शेजारी बसावे.'

रविवारी त्यानं माझी चाचणी घेतली. मी चहा फुंकला, हात विचारून धरला, काकीला अंगणातून फिरवून आणलं, मीठ केव्हा पिकतं ते विचारलं. तो दाराआड उभा राहून खुणा करत होता. आठ कलमं झाली. मी म्हटलं, नववं राहिलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "त्याची चाचणी घेता येत नाही, नाना. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी ते कधी केलेलं नाही. तुम्हीच करून बघा आणि मला सांगा. आणि आळीत बोलू नका." करून बघितल्याशिवाय लिहिलेलं ते त्याचं पहिलं कलम असावं.

मंगळवारी सकाळी तो पहिल्या लाँचनं गेला. माझी बायको सुनंदा काकीची आंघोळ, वेणी करून गेली. मी खुर्ची टाकून बसलो. काकी पलंगावर पाय सोडून माझ्याकडे बघत होती. आम्ही चाळीस वर्षांचे शेजारी. तिच्या हातची तांदळाची भाकरी मी खाल्लेली आहे. तिनं मला विचारलं, "कुठलं तुमी?" मी नाव सांगितलं. ती "बरं, बरं" म्हणाली आणि पदर सारखा केला.

दुपारी जेवण झालं. दोनदा अंगणात फेरी झाली. मिठावर बोलणं झालं, आणि वीस मिनिटांचा आकडा अगदी बरोबर निघाला. दुपारनंतर मात्र मी कंटाळलो आणि पेपर उघडून बसलो. काकी मधूनमधून माजघराच्या दाराकडे बघत होती. जिथं मोरेश्वरचं टेबल असतं, तिथं.

पाच वाजता मी नववं कलम उघडलं.

'सायंकाळी ठीक सहा. आई दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला ओळखत नाही. तो कोणी परका आहे असे समजते. तिचा मुलगा कंपनीत जातो आणि सहाच्या बसने येतो. तो न आल्यास रात्रभर दारात बसते. म्हणून सहा वाजता पुढच्या दाराने आत यावे. निळा शर्ट खुंटीवर आहे. तंग होत असल्यास वरचे बटण उघडे ठेवावे. पिशवी घ्यावी. चपलांचा आवाज करावा. आलो गं आये, असे म्हणावे. चेहऱ्याची काळजी करू नये. ती शर्ट बघते.'

मी ते दोनदा वाचलं. तीन वर्षं शेवग्याखालून जाणारा हा माणूस आम्ही रोज बघत होतो आणि हसत होतो. मला त्या नाक्यावरच्या दुकानदाराचा राग आला, आणि मग लक्षात आलं, की तिथं उभं राहून सगळ्यात मोठ्यानं मीच हसत असे. लाज वाटली.

पावणेसहाला सुनंदा येऊन काकीजवळ बसली. मी शर्ट चढवला. वरचं बटणच काय, खालची दोनही लागेनात. पोट पिशवीआड धरलं, मागच्या दारानं बाहेर पडलो, शेवग्याखालून वळलो. नाक्यावरून हाक आली, "काय नाना, तुमालाबी लावलं का कामाला?" मी तसाच पुढे गेलो. पन्नास पार केलेला माणूस मी, परीक्षेला निघाल्यासारखा चाललो होतो. ती मला ओळखेल, ओरडेल, मग रात्रभर दारात बसेल, असं काय काय मनात येत होतं. उंबऱ्यात चपला आपटल्या आणि म्हटलं, "आलो गं आये."

काकीनं शर्टाकडे बघितलं. तिचा सगळा चेहरा सैल झाला.

"आलास? बस चुकली का काय म्हनून बसलेले. बस हितं."

मी बसलो. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मिठानं चिरलेला तो तळवा मला शर्टातून कळत होता. मग तिनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"आज घरात दुसराच कोन आलेला. लठ्ठ. काय कामाचा न्हाय. नुसता पेपर धरून बसतो."

सुनंदानं तोंडाला पदर लावला.

"रोजचा हाय ना, तो आला न्हाय आज," काकी म्हणाली. "तो लय चांगला हाय रं. च्या फुकून देतो. हात धरला तर इचारून धरतो. दिसभर डोलं फोडून काम करतो बिचारा, कोन त्याला बरं म्हनाया न्हाय." तिनं माझी बाही सारखी केली. "त्याला आय न्हाय का रं?"

मी वही आठवून बघितली. वहीत याला उत्तर दिलेलं नव्हतं.

"बरं न्हाय का काय त्याला? बघून ये जरा. सकालपासना वाट बघते." जेवताना तिनं पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, उद्या येईल. तेव्हा कुठे ती झोपली.

बुधवारी दुपारच्या लाँचनं मोरेश्वर परतला. मला वाटलं होतं आधी आईकडे जाईल, पण तो ओटीवर माझ्यासमोर बसला. "यंत्र बघितलं. काम मिळालं," एवढं सांगून म्हणाला, "आता तुम्ही क्रमानं सांगा."

मी सांगितलं. फेऱ्या, मीठ, शर्टाची बटणं. नवव्या कलमाशी अडखळलो. त्यानंच विचारलं, "घरातल्या माणसाबद्दल काही बोलली?"

मी म्हटलं, "चांगला आहे म्हणाली. चहा फुंकून देतो, विचारून हात धरतो."

"ते रोज सांगते," मोरेश्वर हसून म्हणाला. "इतर ठिकाणी कोण कळवतं, नाना? इथं रोज सहाला कळतं. आज त्यानं चहा बरा केला, आज त्यानं वेणी ओढली. म्हणून तर शर्ट चढवायला कंटाळा येत नाही."

"अरे, पण काल वाट बघत होती त्याची," मी म्हटलं. "सकाळपासून. का आला नाही, बरं नाही का, जाऊन बघून ये म्हणाली मला."

मोरेश्वरचं हसू थांबलं. या तीन वर्षांत तो दिवसभर घराबाहेर कधी राहिलाच नव्हता, मग त्याची वाट बघितली गेल्याचं त्याला कळणार कुठून.

"त्याची? मुलाची नाही?"

"त्याचीच. दोनदा विचारलं."

त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग उठून आत गेला, शर्टपँट उतरवून अर्धी चड्डी आणि बनियन घातलं आणि चहा ठेवायला गेला. मी घरी आलो.

त्या दिवशी सहाला मी आमच्या मागच्या अंगणात मुद्दाम उभा राहिलो. तो शेवग्याखालून गेला. भांग नीट पाडलेला, पिशवी खांद्याला. मला बघून त्यानं मान हलवली. पुढच्या दारात चपला वाजल्या. "आलो गं आये."

"आलास?" काकीचा आवाज भिंतीपलीकडून स्वच्छ आला. "आरं, तो आला आज. बरा हाय."

पिशवी खुंटीला लागल्याचा आवाज आला.

"हां," मोरेश्वर म्हणाला. "कळलं मला."